प्रॉडक्शनमध्ये कन्सोलवरून बदल करायचा ॲक्सेस सगळ्यांचाच काढून घ्यावा का?

मुठाकाठ

परवा आमच्या टीममध्ये यावरून जोरदार वादावादी झाली म्हणून इथे विचारतोय, पण आधी माझं मत सांगून टाकतो. एकदा का सगळं इन्फ्रा (सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क) टेराफॉर्ममध्ये (हे सगळं कोडमध्ये लिहून उभं करायचं टूल) आलं की प्रॉडक्शनच्या (गिऱ्हाइकं वापरतात त्या) एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉन क्लाउडच्या, अकाउंटमध्ये कन्सोलवरून (वेबपेजवर क्लिक करून) बदल करायचा ॲक्सेस कुणालाच ठेवू नये. बघायला सगळ्यांना मिळू दे, पण बदल फक्त कोडमधून. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासायला मांडणं), प्लॅन (काय काय बदलेल ती टेराफॉर्मने दाखवलेली यादी), रिव्ह्यू, मग अप्लाय (प्रत्यक्ष बदल), मग तो सीनियर असो नाहीतर कालच जॉइन झालेला.

कारण सांगतो. आमचं बिलिंगचं ॲप आहे, मुंबई रीजनमध्ये, किरकोळ दुकानदार वापरतात. दिवाळीच्या तोंडावर एका रात्री दोन वाजता पेमेंटवाल्या पार्टनरने त्यांचे आयपी बदलले आणि त्यांचे कॉलबॅक (पेमेंट झाल्याचे निरोप) आमच्या दारातच अडकायला लागले. ऑन-कॉलवर (काही बिघडलं तर रात्री उठून बघायला) जो मुलगा होता त्याने कन्सोल उघडलं, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कुठून आत येऊ द्यायचं त्या नियमांची यादी) नवा रूल टाकला, पाच मिनिटांत सगळं सुरळीत. सकाळी शाबासकी पण मिळाली त्याला. कोडमध्ये घालायचं तेवढं राहून गेलं. नऊ दिवसांनी दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी अप्लाय चालवला, टेराफॉर्मला दिसलं की हा रूल कोडमध्ये नाही, त्याने तो काढून टाकला. भर संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक उभं, खात्यातून पैसे गेलेत आणि बिलावर पेड काही येत नाही. आम्हाला कारण सापडायला दीड तास लागला कारण ज्याने अप्लाय केला त्याच्या कामाचा सिक्युरिटी ग्रुपशी काडीचा संबंध नव्हता आणि ज्याने रूल टाकला होता तो गावी गेलेला.

मी त्या मुलाला दोष देत नाही. रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसाच्या लक्षात राहील या भरवशावर आम्ही सिस्टिम चालवत होतो, ते चुकलं.

रात्रपाळी

अजिबात पटलं नाही. तुम्हीच सांगताय की पाच मिनिटांत काम चालू झालं. आता कल्पना करा त्या रात्री त्याच्याकडे ॲक्सेस नसता तर? ब्रँच काढा, पुल रिक्वेस्ट टाका, रिव्ह्यू करणारा झोपलेला, त्याला फोन करून उठवा, पाइपलाइन (कोड तपासून अप्लाय करणारी यंत्रणा) चालायला दहा-बारा मिनिटं, त्यात स्टेटला (काय काय उभं केलंय त्याची टेराफॉर्मची नोंदवही) कुणाचं तरी लॉक राहिलेलं असेल तर ते आधी सोडवा. रात्रभर दुकानदारांचं पेमेंट अडकलं असतं. आणि ज्या दिवशी तुमची पाइपलाइनच बंद असेल त्या दिवशी काय करणार? मी सहा वर्षं ऑन-कॉल करतोय, हे दोन वेळा झालंय माझ्यासमोर.

दुसरं म्हणजे तो रूल जाणार हे प्लॅनमध्ये आलं असणारच की. मायनसच्या खुणेसकट. तो प्लॅन वाचला कुणी? न वाचता अप्रूव्ह करायचं आणि मग ॲक्सेस काढून घ्यायचा त्याचा ज्याने रात्री उठून काम केलं, हे मला अन्यायाचं वाटतं.

मुठाकाठ

प्लॅनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या दिवशी कुणीतरी सगळ्या रिसोर्सना (सर्व्हर, डेटाबेस वगैरे) नवा टॅग (ओळखीचं लेबल) लावला होता, त्यामुळे प्लॅनमध्ये जवळपास प्रत्येक रिसोर्स बदललेला दिसत होता, पानंच्या पानं, आणि त्यात ती एक मायनसची ओळ. मी स्वतः अप्रूव्ह केला होता तो. तेव्हापासून टॅगचे बदल आम्ही वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्येच घेतो.

पण म्हणूनच म्हणतोय ना, हाताने बदल झाले नसते तर त्या गर्दीत शोधण्यासारखं काही नसतंच.

कऱ्हाडची

इथे एक गोष्ट सुटतेय दोघांकडून. मुठाकाठ, तुमचे रूल सिक्युरिटी ग्रुपच्या ब्लॉकच्या आतच लिहिलेले असणार, म्हणूनच टेराफॉर्मने बाहेरचा रूल काढला. आत लिहिले की तो ती यादी पूर्ण धरतो, यादीबाहेरचं जे असेल ते उडवतो. एडब्ल्यूएस प्रोव्हायडरच्या (टेराफॉर्मला एडब्ल्यूएसशी जोडणारा भाग) डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक रूल वेगळा रिसोर्स ठेवा असं सांगितलंय. तसं केलं असतं तर हाताने टाकलेला रूल टेराफॉर्मने काढलाच नसता, दिवाळीचं पेमेंट पण थांबलं नसतं.

पण थांबा, ते जास्त वाईट आहे. कारण मग तो रूल प्लॅनमध्ये दिसतही नाही. टेराफॉर्म फक्त स्वतःच्या स्टेटमध्ये जे आहे तेवढंच ओळखतो, कुणी बाजूला नवीन काही करून ठेवलं तर त्याच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. आमच्याकडे एका ऑडिटमध्ये डेटाबेसचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा सापडला. वर्षभरापूर्वी कुणीतरी टेस्टिंगसाठी उघडलेला. आणि त्या वर्षभरात आमचा प्लॅन रोज नो चेंजेस सांगत होता. त्यामुळे मी मुठाकाठच्या बाजूने. तुमच्या केसमध्ये निदान बोंब तरी झाली, आमच्याकडे सगळं शांत होतं.

चौथा_मजला

मला वाटतं इथे सगळे गृहीत धरतायत की कोडमधून आलेला बदल म्हणजे सुरक्षित बदल. माझा अनुभव उलटा आहे. क्लायंटकडून सिक्युरिटीचा रिपोर्ट आला, आरडीएस (एडब्ल्यूएसवरचा डेटाबेस) एन्क्रिप्टेड नाही, करून द्या. एका मुलीने कोडमध्ये एक ओळ बदलली, एन्क्रिप्शन फॉल्सचं ट्रू. एवढंच. रिव्ह्यूमध्ये दोघांनी बघितलं, एक ओळ आहे, चांगलीच आहे, अप्रूव्ह. प्रत्यक्षात चालू डेटाबेसवर एन्क्रिप्शन असं लावता येत नाही, टेराफॉर्म अख्खा डेटाबेस पाडून नवा बांधायला निघतो. प्लॅनमध्ये फोर्सेस रिप्लेसमेंट लिहिलेलं होतं, पण पाइपलाइनमध्ये अप्लाय आपोआप चालायचा. वाचलो ते फक्त डिलीशन प्रोटेक्शन चालू होतं म्हणून, एडब्ल्यूएसने डिलीट करायला नकार दिला आणि अप्लाय फेल झाला. नंतर रीतसर स्नॅपशॉट घेतला, त्याची एन्क्रिप्टेड कॉपी केली, त्यातून नवा डेटाबेस उभा केला, रविवारी पहाटे अडीच तास सर्व्हिस बंद ठेवून.

कन्सोलवर कुणी अख्खा डेटाबेस उडवायला गेला तर त्याला निदान डिलीट मी टाइप करावं लागतं. इथे एक ओळ पुरली.

हिंजवडी_फेज३

हाताने काम करण्याची बाजू घेणाऱ्यांनी नाइट कॅपिटल आठवावी. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची कंपनी. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, माणसाने टाकला, सातांवर गेला आणि एकावर राहिला. तपासायला दुसरा माणूस नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता तो जागा झाला आणि पाऊण तासात साधारण ४४ कोटी डॉलर गेले. आठवा सर्व्हर सातांपेक्षा वेगळा आहे हे कुणाला दिसतच नव्हतं, आणि कोडमधून बांधण्याचा मुद्दाच हा की आठच्या आठ सारखे असतात.

रात्रपाळी

उदाहरण द्यायचं तर मी पण देतो. २८ फेब्रुवारी २०१७, एस-थ्री (ॲमेझॉनची फाइली साठवायची सेवा) बंद पडलं, अर्धं इंटरनेट त्याच्यासोबत. ॲमेझॉनच्याच माणसाने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे कमांड चालवली, त्यात एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर काढले गेले. मग ॲमेझॉनने काय केलं? त्यांनी स्वतःच लिहिलंय, ते टूल बदललं. सर्व्हर हळूहळू काढेल आणि ठरावीक मर्यादेच्या खाली जाऊच देणार नाही असं केलं. त्यांनी माणसांची कमांड काढून घेतली नाही, कमांडला कठडा लावला.

मला तेच हवंय. माणसाच्या हातात किल्ली ठेवा, पण वापरली की सगळ्यांना कळेल अशी ठेवा.

एकटा_डेव्ह_कोल्हापूर

मोठ्या टीमचं चाललंय, पण माझ्यासारख्याने काय करायचं? मी एकटा, दोन सर्व्हर, एक डेटाबेस, एका शेतकरी कंपनीचं ऊस तोडणीचं शेड्यूलिंग. सगळं तीन वर्षांपूर्वी कन्सोलवरून क्लिक करून उभं केलंय. टेराफॉर्म शिकायला घेतलं तर २०२३ मध्ये लायसन्स बदललं, मग ओपनटोफू (टेराफॉर्मच्याच कोडवरून काढलेलं दुसरं टूल) निघालं, कोणतं घ्यावं इथेच अडकलो. मी पुल रिक्वेस्ट टाकायची आणि मीच अप्रूव्ह करायची याला काय अर्थ आहे?

कऱ्हाडची

@एकटा_डेव्ह_कोल्हापूर, दोन्हीतलं कोणतंही घ्या, तुमच्या दोन सर्व्हरना फरक पडणार नाही. टेराफॉर्म १.५ पासून इम्पोर्ट ब्लॉक आलाय, असलेल्या रिसोर्सचा आयडी द्यायचा आणि कोड त्यालाच लिहायला सांगायचा. जे लिहून मिळतं ते जरा ओबडधोबड असतं, पण एका शनिवार-रविवारमध्ये तुमचं सगळं आत येईल. आधी डेटाबेसचं डिलीशन प्रोटेक्शन चालू करा, मग बाकी. आणि स्टेट फाइल लॅपटॉपवर ठेवू नका, गिटमध्ये तर मुळीच नको, पासवर्ड त्यात जसेच्या तसे असतात. एस-थ्रीच्या बकेटमध्ये, व्हर्जनिंग लावून (म्हणजे जुन्या प्रतीही राहतात).

अर्थ काय विचारलंत तर, उद्या तुम्ही दवाखान्यात असाल आणि ऐन हंगामात सर्व्हर गेला तर तो तसाच्या तसा परत कसा उभा करायचा हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे. त्या शेतकऱ्यांसाठी तरी ते लिहून ठेवा.

मुठाकाठ

रात्रपाळी, तुमचं कठड्याचं मला पटलं. अगदी कुणालाच ॲक्सेस नको हे माझं वाक्य मागे घेतो. आता असा विचार करतोय की इमर्जन्सीसाठी एक वेगळा रोल (बदल करायचा तात्पुरता ॲक्सेस), एका तासात आपोआप संपणारा, घेतला की टीमच्या चॅनलवर मेसेज, आणि सकाळी त्याचं तिकीट बंद झाल्याशिवाय कुणाचाही अप्लाय चालणार नाही. शिवाय रोज सकाळी सातला प्लॅन चालवायचा, डिटेल्ड एक्झिट कोड लावून, दोन आला म्हणजे काहीतरी हललंय.

कऱ्हाडची

सातचा प्लॅन पुरणार नाही, वर सांगितलं ना, बाजूला केलेलं त्याला दिसत नाही. क्लाउडट्रेलवर (एडब्ल्यूएसमध्ये कुणी काय केलं त्याची नोंद) लावा. पाइपलाइनचा रोल सोडून दुसऱ्या कुणीही बदल करणारी कॉल केली की त्याच मिनिटाला कळलं पाहिजे. आणि क्लाउडट्रेलची इव्हेंट हिस्टरी ९० दिवसांचीच असते, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, तेव्हा ट्रेल वेगळी बकेटमध्ये लिहायला लावा.

रात्रपाळी

रोल मान्य, मेसेज मान्य, क्लाउडट्रेल पण मान्य. एक तास मात्र मान्य नाही. मागच्या जुलैत आमचा एक डेटाबेस फेलओव्हर (बिघडलेल्यावरून काम दुसऱ्या डेटाबेसवर नेणं) चार तास चालला होता, मध्येच रोल संपला असता तर पुन्हा कुणाकडे मागायचा, पहाटे साडेतीनला? आणि तिकीट बंद होईपर्यंत सगळ्यांचे अप्लाय अडवणार असाल तर पुढच्या वेळी लोक तो रोल घ्यायलाच घाबरतील, दुकानदारांचं पेमेंट अडकलेलं असतानाही. आमच्याकडे चार तासांचा ठेवलाय आणि अप्लाय अडवत नाही, ज्याने रोल घेतला त्याच्याच नावावर दुसऱ्या दिवसाचं पहिलं काम लागतं. पोरं बिनधास्त घेतात तो रोल आणि कोडमध्ये पण घालतात.

मुठाकाठ

चार तास घेतो. अप्लाय अडवायचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही, आमचं नुकसान नेमकं त्या नऊ दिवसांतच झालं होतं.