शाफ्टच्या गाडीला मागे जाड टायर: एवढं घाबरायचं कशाला?

लांबपल्ला:
शाफ्टची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी) क्रूझर आहे, मागे १३०/९०-१६ (रुंदी १३० मिमी, उंची तिच्या ९० टक्के, रिम १६ इंच). टायर संपत आलाय, आता १४०/९०-१६ घालायचा विचार आहे. कुणालाही विचारलं की एकच पालुपद, "कंपनीने दिलाय तोच घाल." का, ते कोणी सांगत नाही. हिशेब केला तर रुंदी १० मिमी वाढते, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच. व्यास साधारण ६४० मिमीचा ६५८ होतो, जेमतेम तीन टक्के. चेनवाल्यांना हायवेवर इंजिन शांत हवं असेल तर ते स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बदलून मोकळे होतात. आपल्या हातात टायरशिवाय आहे काय? आणि ट्रायम्फ रॉकेट ३ शाफ्टवरच २४० चा टायर फिरवते की!

गिअरतेल:
रॉकेटचं उदाहरण गैरलागू. तिचा स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली होणारा दांडा), रिम, सगळं त्या टायरसाठीच आखलंय.

मुद्दा रुंदीपेक्षा जागेचा आहे. चेनच्या गाडीत स्प्रॉकेटमागे स्पेसर घालून थोडी जागा काढता येते. शाफ्टमध्ये हबच्या स्प्लाइन (खाचा-दाते) फायनल ड्राइव्हमध्ये (चाकाजवळच्या गिअरपेटीत) बसतात. चाक बाजूला सरकवलं की त्यांची पकड तेवढी कमी, आणि सगळा टॉर्क उरलेल्या भागावर. तारांच्या चाकात तारा ओढून रिम सरकवणारे महाभाग आहेत, पण मग मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही.

तुमचे पाच-पाच कागदावरचे. प्रत्येक कंपनीचा १४० वेगळा भरतो, शिवाय बायस (तिरप्या धाग्यांच्या थरांचा) टायर वेगात फुगतो. घासणारी गाडी पाहिली आहे मी: शाफ्ट ज्यातून जातो त्या नळीवर नखाएवढा रंग उडालेला, खाली धातू चकचकीत, आणि टायरच्या कडेला गोल फिरलेली गुळगुळीत काळी पट्टी. चालवणाऱ्याला पत्ता नव्हता.

दोघांची_गाडी:
+१. त्यात मागे माणूस बसला की सस्पेन्शन दबणार आणि टायर नळीला टेकणार.

गिअरतेल:
नाही हो, बाजू माझी घेताय पण कारण चुकीचं. नळी आणि चाक स्विंगआर्मबरोबर एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे ती फट तशीच राहते. दबल्यावर कमी होतं ते टायर आणि मडगार्डमधलं अंतर. व्यास १८ मिमीने वाढला की तिथे ९ मिमी आधीच गेलेले असतात, त्यामुळे मडगार्डचे आतले बोल्ट तेवढे बघा.

वळणवेडा:
फट मिळाली तरी माझा विरोधच. रिम तीच ठेवून टायर जाड केला की तो कडांनी आवळला जातो आणि मधोमध टोकदार होतो. गाडी वळणात सावकाश उतरते. जाड टायरवर तोच वेग, तेच वळण घ्यायला गाडी जास्त झुकवावीही लागते. क्रूझरला आधीच फूटपेग घासतात!

लांबपल्ला:
आता मजा बघा. अरुंद रिमवर टायर आवळला जातो ना? रिम अर्धा इंच अरुंद असेल तर रुंदी साधारण पाच मिमीने कमी भरते. म्हणजे माझा १४० प्रत्यक्षात १३५ च्या आसपास. तुमच्याच मुद्द्याने फट वाढली.

वळणवेडा:
मग कमावलं काय राव? पाच मिमी जाडी आणि बिघडलेला आकार. इंजिन शांत म्हणाल तर ४००० आरपीएमचे जेमतेम ३८९० होतील. त्यासाठी जास्त वजनाचा टायर फिरवायचा?

लांबपल्ला:
चालेल मला. रोजचा रस्ता सरळ आहे, आणि जाड टायर वजन जास्त पेलतो. टायर कंपनीच्या तक्त्यात माझी रिम १४० साठी चालते, हे बघूनच विचारतोय.

गिअरतेल:
तक्ता बघितलात हे उत्तम, निम्मे लोक तेवढंही करत नाहीत. आता टायर घ्यायच्या आधी नळी आणि सध्याच्या टायरच्या सगळ्यात फुगीर जागेमध्ये ड्रिल बिटची दांडी सरकवून बघा. चाक हाताने पूर्ण एक फेरी फिरवा, कारण फट सगळीकडे सारखी नसते. १० मिमीची दांडी सहज गेली नाही तर माझं उत्तर नाही.

आणि चाक बाहेर येतं का, तेही बघा. काही जुन्या बॉक्सरमध्ये (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या शाफ्ट गाड्यांत) जाड टायर हवा सोडल्याशिवाय फायनल ड्राइव्हच्या बाजूने निघतच नाही. निघताना हवा नसली तरी चालतं, पण बसवल्यावर भरायला पंप जवळ लागतो.

लांबपल्ला:
पंप असतोच डिकीत. दांडी उद्या सरकवतो.