सासऱ्यांनी सिक्युरिटीत "बम थोडी है" म्हटलं, पुढे काही होऊ शकतं का?

वाईची सून

नमस्कार मंडळी, विमानतळावर काम केलेलं कोणी किंवा वकील असेल तर प्लीज उत्तर द्या, घरात सगळे टेन्शनमध्ये आहेत. मागच्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन बंगळुरूला दिरांकडे निघालो होतो. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, सत्तरीला आलेत, विमानात पहिल्यांदाच बसणार होते आणि स्वभाव असा की समोरच्या माणसाशी दोन शब्द हसून बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू दाबून भरलेले. मशीनमधून बॅग गेली ती बाजूला काढली, जवानाने विचारलं "इसमें क्या है", तर हे हसत हसत म्हणाले "लड्डू है साहब, बम थोडी है".

बस, एवढंच. त्या जवानाचा चेहराच बदलला. साहेबांना बोलावलं, यांना बाजूच्या खोलीत नेलं, सगळ्या बॅगा उघडल्या, डबा रिकामा केला, मग लोकल पोलीस आले, नाव पत्ता आधार नंबर लिहून घेतला, हिंदीत जबाब घेतला आणि सही घेतली. आम्ही हात जोडून सांगत होतो की त्यांना माहीत नव्हतं हो. कोणी उद्धट बोललं नाही, हे मात्र खरं सांगते. पण तोवर विमान गेलं होतं. संध्याकाळी सोडलं, मग दुसऱ्या दिवसाची तिकिटं काढली.

आता प्रॉब्लेम असा की नणंद न्यू जर्सीला असते, पुढच्या वर्षी बाळंतपणाला सासू-सासरे जाणार आहेत, दोघांचे पासपोर्ट अजून काढायचेत. हे कुठे रेकॉर्डवर राहतं का? सही घेतली म्हणजे केस झाली का? आणि मुख्य म्हणजे ते तर "बॉम्ब नाही" असंच म्हणाले ना, आहे असं म्हणालेच नाहीत, मग ही धमकी कशी होते? ते तेव्हापासून गप्प गप्प आहेत, जेवतानासुद्धा बोलत नाहीत, मला ते बघवत नाही.

जुना रॅम्पवाला

ताई, मी ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमानात बॅगा चढवण्या-उतरवण्याच्या कामात नोकरी केली, आता घरी असतो. आधी हे सांगतो की तुमच्या सासऱ्यांना संध्याकाळी सोडलं म्हणजे तिथल्या लोकांनी माणूस ओळखला होता. असं प्रत्येकाच्या बाबतीत होत नाही. ऑगस्ट २०२४ ला कोचीहून मुंबईला निघालेल्या एका प्रवाशाने एक्सरेपाशी "माझ्या बॅगेत बॉम्ब आहे का" एवढं विचारलं, नुसता प्रश्न, त्याला अटक झाली होती. आपल्या पुण्यात लोहगावला ऑगस्ट २०२३ मध्ये ७२ वर्षांच्या एक बाई अंगझडतीच्या वेळी वैतागून म्हणाल्या की माझ्या चारी बाजूंनी बॉम्ब लावलेत, त्यांच्यावर विमानतळ पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. वय ७२, तरीही. त्यामुळे आहे म्हणाले की नाही म्हणाले याने फारसा फरक पडत नाही, तो शब्द चेकिंगच्या जागी निघाला की पुढची चक्रं आपोआप फिरायला लागतात.

लोकांना वाटतं की समोरचा जवान खडूस असतो. तसं नाहीये. ही गंमत आहे असं ठरवायचा अधिकारच त्याला नाही. त्याने वर कळवायचं, वरचा त्याच्या वरच्याला कळवणार, गंभीर वाटलं तर विमानतळाची कमिटी बसते, तिच्यात सीआयएसएफ (विमानतळाची सुरक्षा बघणारं केंद्रीय दल), एअरलाइन, पोलीस, एटीसी (विमानांची वाहतूक बघणारे) सगळे असतात आणि धमकी नेमकी आहे की मोघम आहे हे ती कमिटी ठरवते. त्या जवानाने "जाऊ द्या म्हातारबाबा आहेत" म्हणून सोडलं आणि सीसीटीव्हीत ते आलं तर त्याची नोकरी जाईल.

आणि बॅगेचं ऐका, कारण उशीर तिथे होतो. प्रवाशाला खाली ठेवलं की त्याची पोटातली बॅग, म्हणजे चेक-इन केलेली, विमानात ठेवता येत नाही. ती शोधून उतरवावी लागते. शंभर-दीडशे बॅगा लोड झाल्या असतील तर लोडर लोक त्या उन्हात परत उपसत बसतात. हा नियम उगाच नाही आला. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क नावाचं विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली, बॉम्ब होता तो अशाच एका बॅगेत जिचा मालक विमानात चढलाच नव्हता. बॅग आली, माणूस आला नाही आणि कोणी थांबवलं नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवायचे. कंदाहारचं विमान अपहरण १९९९ च्या डिसेंबरात झालं आणि त्यानंतर २००० पासून विमानतळांची सुरक्षा एकेक करत सीआयएसएफकडे गेली, तेव्हापासून तर ढिलाई अजिबात नाही.

लाडवांचं म्हणाल तर मशीनच्या पडद्यावर तूप, पीठ, साखर असलं सगळं नारिंगी रंगात दिसतं आणि स्फोटकंही त्याच रंगात दिसतात. धातू निळा दिसतो. स्टीलच्या डब्यात घट्ट भरलेले लाडू म्हणजे एक गडद गोळा. बॅग थांबवणं त्याला भागच होतं, आणि नेमका तेव्हाच तो शब्द आला.

सडेतोड

रॅम्पवाले काका, तुमचा अनुभव मान्य, पण मला हे पटत नाही आणि मी ते मनापासून सांगतोय. एसटीत तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस, लाखो प्रवाशांशी हसून बोलला असेल, त्याला एका वाक्यासाठी संध्याकाळपर्यंत खोलीत बसवायचं? ज्याला खरंच काही करायचंय तो काउंटरवर येऊन सांगेल का? गेल्या काही वर्षांत लाखो लोक पहिल्यांदा विमानात बसतायत, गावाकडची माणसं, म्हातारी माणसं, त्यांना हे नियम कोण सांगतं? बोर्ड असतात ते इंग्रजीत नाहीतर सरकारी हिंदीत, आणि ते वाचायला थांबायला वेळ कुठे असतो, मागून लाइन ढकलत असते. पॉवर बँक काढा, बेल्ट काढा हे दहादा ओरडून सांगतात, मग "बॉम्ब हा शब्द चेष्टेतही काढू नका" हे चेक-इनच्या वेळी मराठीत एकदा सांगायला काय जातं? चौकशी करा, बॅगा उघडा, पण खात्री झाल्यावर दहा मिनिटात सोडा. खात्री झाली होती ना? डबा उघडला, लाडू दिसले, मग विमान का चुकवलं?

भटकी नागपूर

सडेतोड, मराठीत सांगायला हवं हे शंभर टक्के बरोबर. पण खात्री झाली ना म्हणताय ते तितकं सोपं नाहीये. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानात एकाने उडाल्यावर सांगितलं की माझ्या बॅगेत बॉम्ब आहे. विमान मध्यरात्री मुंबईला उतरवलं, बॉम्बशोधक पथक आलं, बॅग तपासली, काही नव्हतं. बरोबरच्या नातेवाइकाने सांगितलं की छातीत दुखत होतं म्हणून औषध घेतलंय, काहीतरी बरळतोय. म्हणजे तो माणूस दुष्ट नव्हताच. पण पायलटने त्या क्षणी काय करायचं सांगा? मागे १८० च्या वर माणसं बसलेली.

आणि २०२४ चा ऑक्टोबर आठवा. रोज सकाळी उठलं की बातमी, आज इतक्या विमानांना धमकी. मुंबई-न्यूयॉर्क विमान दिल्लीला उतरवलं, दुसऱ्याच दिवशी दिल्ली-शिकागो विमान कॅनडाच्या पार उत्तरेला इकालुइट नावाच्या गावात उतरवावं लागलं, २११ माणसं त्या थंडीत अडकली. मुंबई पोलिसांनी शोधलं तर त्यातला एक राजनांदगावचा १७ वर्षांचा मुलगा निघाला, आणि ईमेलच्या प्रकरणात नागपूर पोलिसांनी गोंदियाचा माणूस पकडला. आपल्या विदर्भातला! विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळांनी संसदेत त्या वर्षाचा नोव्हेंबरपर्यंतचा आकडा दिला तो हजाराच्या जवळपास होता आणि सगळ्या धमक्या खोट्या. त्या दिवसांत माझी आई विमानात होती आणि मी फोन हातात धरून बसले होते, खोटं आहे हे माहीत असूनही पोटात गोळा येतो हो. म्हणून मला वाटतं की काकांना थोडा जास्त त्रास झाला, वाईट वाटतं, पण तो जवान रोज हेच ऐकत असणार.

कोर्टकचेरी

वाईच्या ताई, वकिली करतो म्हणून तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, बाकी चर्चा चालू द्या. सही केली म्हणजे केस झाली असं नाही. जबाब घेणं, स्टेशन डायरीत नोंद करणं, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करणं आणि एफआयआर दाखल करणं या सगळ्या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून नोंद करून सोडलेलं दिसतंय, पण अंदाजावर राहू नका. त्या पोलीस ठाण्यात जाऊन किंवा लेखी अर्ज देऊन विचारा की आमच्या सासऱ्यांच्या नावाने नेमकं काय दाखल आहे, आणि जे असेल त्याची प्रत मागा. एफआयआर असेल तर आरोपीला प्रत मिळतेच.

आता कायदा. अशा वेळी बहुतेकदा लावतात ते कलम म्हणजे जुन्या आयपीसीचं ५०५(१)(ब), १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत ३५३ झालंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लोकांना वाटतं हेतू नव्हता म्हणजे सुटलो, पण कलमात भीती पसरवायचा हेतू असणं किंवा बोलण्याने भीती पसरण्याची शक्यता असणं, दोन्ही शब्द आहेत. दुसऱ्या बाजूने, नुसती भीती पुरत नाही, त्या भीतीमुळे कोणी सरकारविरुद्ध किंवा सार्वजनिक शांततेविरुद्ध गुन्हा करायला प्रवृत्त होईल असंही त्यात लिहिलंय आणि बचाव तिथे उभा राहतो. लाडवाचा डबा दाखवत "बॉम्ब थोडी आहे" म्हणणाऱ्या माणसावर हे टिकवणं सरकारी वकिलाला जड जाईल असं माझं मत. याशिवाय डिसेंबर २०२४ मध्ये विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली, त्यात खोटी माहिती पसरवणाऱ्या व्यक्तीला एक लाखापर्यंत दंड आणि विमानात प्रवेश नाकारायचा किंवा उतरवायचा अधिकार आलाय.

पण कोर्टात सुटणं आणि त्रास न होणं यात फार अंतर आहे ताई. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या टॉयलेटमध्ये अपहरणाची चिठ्ठी मिळाली, विमान अहमदाबादला उतरवलं, मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पकडलं. देशाच्या नो-फ्लाय यादीत, म्हणजे विमानप्रवासाला बंदी असलेल्यांच्या यादीत, पहिलं नाव त्याचं. २०१९ ला खालच्या कोर्टाने जन्मठेप आणि पाच कोटी दंड ठोठावला, २०२३ ला गुजरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं. जवळपास सहा वर्षं. तुमची गोष्ट त्याच्या आसपासही नाही, घाबरू नका, पण कागद नीट करून घ्या एवढंच सांगायचंय.

मँचेस्टरकर

बाहेरच्या देशांत याहून कडक आहे म्हणून लिहितो. जुलै २०२२ मध्ये इथला एक भारतीय वंशाचा १८ वर्षांचा मुलगा गॅटविकहून मित्रांबरोबर स्पेनच्या मेनोर्का बेटावर चालला होता, स्नॅपचॅटवर मित्रांच्या खासगी ग्रुपमध्ये लिहिलं की मी तालिबानचा आहे आणि विमान उडवायला निघालोय. स्पेनने लढाऊ विमान पाठवलं सोबतीला! दोन दिवस कोठडी, मग केस, सरकारने त्या लढाऊ विमानाचा खर्च ९५ हजार युरो मागितला. जानेवारी २०२४ ला सुटला, कोर्टाने मान्य केलं की खासगी ग्रुपमधली मस्करी होती. पण कॉलेजच्या वयात दीड वर्ष हे डोक्यावर. त्याआधी २०१० ला बर्फामुळे विमानतळ बंद म्हणून वैतागून 'विमानतळ उडवून देईन' असं ट्विट केलेल्या एका इंग्लिश माणसाला दंड झाला, नोकरी गेली आणि अपिलात सुटायला २०१२ उजाडलं. तेव्हा माझ्या मते सडेतोड यांचा राग बरोबर असला तरी जगात कुठेच दहा मिनिटात सोडत नाहीत.

ताई, अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये कधी अटक झालीय का किंवा शिक्षा झालीय का असं सरळ विचारतात. अटक झाली नसेल तर नाही लिहायचं आणि निवांत राहायचं. झाली असेल तर मात्र लपवू नका, लपवलेलं कळलं तर ते मूळ गोष्टीपेक्षा महागात पडतं.

वाईची सून

सगळ्यांचे खूप खूप आभार. कोर्टकचेरी दादांनी सांगितल्याप्रमाणे यांनी त्या ठाण्यात जाऊन अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्यांनी रजिस्टर बघून सांगितलं की फक्त स्टेशन डायरीची नोंद आहे, गुन्हा नाही, अटक दाखवलेली नाही, आणि अर्जाच्या पोचवर सही-शिक्का दिला. रॅम्पवाले काकांचं बॅगांबद्दलचं आणि कनिष्कचं मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले की एसटीत बेवारस पिशवी दिसली की आम्हीपण गाडी थांबवायचो, सगळी गाडी शिव्या घालायची तरी थांबवायचो. त्यानंतर जरा बोलायला लागलेत. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये काय लिहायचं तेवढं सांगा.

कोर्टकचेरी

उत्तम झालं. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये कोर्टात फौजदारी केस चालू आहे का असं विचारतात, तुमच्याकडे केस नाही म्हणजे उत्तर नाही. पोलीस व्हेरिफिकेशनला तुमच्या ठाण्याचा माणूस येईल, त्याने विचारलं तर जे घडलं ते सरळ सांगायचं आणि ती पोच दाखवायची. मूळ पोच देऊ नका, झेरॉक्स द्या. दोघांचे अर्ज आत्ताच टाका, बाळंतपणाच्या तारखेजवळ व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.

सडेतोड

काका बोलायला लागले हे वाचून बरं वाटलं. मराठीत सूचना द्यावी म्हणून मी आमच्या इथल्या विमानतळाच्या संचालकांना पत्र लिहितोय, मसुदा उद्या इथे टाकतो. रॅम्पवाले काका, तुम्ही त्यात दोन ओळी घालाल का, नेमकं कुठल्या ठिकाणी सांगितलं तर लोकांच्या कानावर पडेल?

जुना रॅम्पवाला

नक्की. टर्मिनलच्या गेटवर नको, तिथे सगळे आयडी शोधत असतात. चेक-इनला बॅग वजनावर ठेवतात तेव्हा आत काय काय आहे ते विचारतातच, तिथे सांगितलं पाहिजे. टाका मसुदा.