बेळगावहून जैसलमेर : कुत्रीला घेऊन दोन दिवसांत जमेल काय?

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी तीन वर्षांची मुधोळ जातीची कुत्री आहे, तिचे नाव चिंगी. तिला घेऊन आम्ही आजवर आंबोली, जांबोटी आणि तिलारी एवढेच हिंडलो, म्हणजे सारा पावसाचा आणि झाडीचा मुलूख. मुलीला आता वाळूच्या टेकड्या पाहायच्या आहेत, आणि तिने जैसलमेरचा हट्ट धरला आहे. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर हजर राहता येईल, अशा बेताने चिंगीला सोबत नेणे शक्य आहे काय? तिला कोणाकडे ठेवून जाण्याची आमची तयारी नाही. कोणी गेले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर

ताई, रस्त्याने एका बाजूचेच अंतर पंधराशे किलोमीटरांहून अधिक भरते. शनिवार-रविवार निव्वळ गाडीत जाईल आणि चिंगीला वाळूऐवजी टोलनाके दिसतील.

शहापूरकर

आम्ही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या कुत्र्याला घेऊन जैसलमेरला गेलो होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. त्यासाठी आम्ही आठ दिवसांची रजा काढली होती, आणि त्याहून कमी दिवसांत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

रेल्वेचा नियम आधी समजून घ्या. प्रवाशाजवळ कुत्रा ठेवायचा असेल तर प्रथम वर्गातील दोन बर्थांचा कूपे किंवा चार बर्थांची केबिन संपूर्ण आपल्याच नावावर असावी लागते. टू-टियर, थ्री-टियर आणि स्लीपर डब्यांत कुत्र्याला परवानगी नाही. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागतो. लसीकरणाचा दाखला घेऊन पार्सल कार्यालयात वेळेआधी जावे लागते. ज्या गाडीला असा डबा जोडलेला नसतो, तिच्यात गार्डच्या डब्यातली पेटी एवढाच पर्याय उरतो, आणि तिथेही खाणे-पाणी पाहण्याची जबाबदारी मालकाचीच असते. हुबळीमार्गे जाणारी बंगळुरू–जोधपूर गाडी आपल्या बेळगावावरून जाते खरी, पण जोधपूरलाच एका दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि तिथून जैसलमेर आणखी पावणेतीनशे किलोमीटरांवर आहे. चिंगीला एवढा वेळ बंद पेटीत ठेवण्याचा सल्ला मी तरी देणार नाही.

मुक्काम किल्ल्यात करण्याचा मोह होतो, कारण 1156 मध्ये रावळ जैसलने वसवलेल्या त्या पिवळ्या वालुकाश्माच्या किल्ल्यात आजही लोक राहतात. पण गल्ल्या अरुंद आहेत, त्यांत मोकाट गाई आणि स्थानिक कुत्री असतात. शिवाय किल्ल्यातल्या वाढत्या सांडपाण्याने पायाच भिजून खचतो आहे, तेव्हा आपण बाहेर राहिलेले बरे. आम्हाला एका हॉटेलाने फोनवर होकार दिला आणि दारात पोचल्यावर कुत्र्याला गाड्या लावायच्या जागेत बांधा म्हणून सांगितले. त्यामुळे होकार लेखी घ्या, आणि कुत्रा खोलीत आपल्याजवळच राहील असे त्यात स्पष्ट लिहून घ्या.

वाळूसाठी बहुतेक लोक शहरापासून चाळीस किलोमीटरांवरील सम या गावी जातात. तिथे संध्याकाळी तंबूंतून कर्णे आणि ढोल सुरू झाले की आमचा कुत्रा गाडीखालून बाहेर यायला तयार होईना. खुडी हे वाळूच्या टेकड्यांचे दुसरे गाव त्या मानाने पुष्कळ शांत. वाळूत भुरट नावाचे गवत उगवते, त्याची काटेरी बोंडे पंजांत आणि कानांत रुततात, म्हणून चिमटा जवळ ठेवा. आपल्याकडचे फुरसे तिथेही आहे. थंडीत त्याचा वावर कमी असतो, पण अंधारात झुडपांजवळ फिरवू नका. साखळी मात्र कधीही सोडू नका. मुधोळ नजरेने शिकार हेरणारी जात, चिंकारा दिसला की तुमची हाक तिला ऐकूच येणार नाही. त्याच मुलखात मरू राष्ट्रीय उद्यान आहे, आणि जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या माळढोकाला मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आधीच पुष्कळ आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊच नये. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, ते धापा टाकूनच अंग निववते. तेव्हा हाताची मागची बाजू वाळूवर काही क्षण टेकवता येत नसेल, तर तिचे पंजेही तिथे भाजणार. याउलट जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि मुधोळच्या अंगावर केस ते किती! पांघरूण विसरू नका.

खानापूरकर

दोनच दिवस हाताशी असतील तर बदामीचा विचार करा. ते वाळवंट नव्हे हे मान्य, पण झाडीच्या मुलखातून आलेल्या मुलीला तांबड्या वालुकाश्माचे कडे आणि त्यांच्या कुशीतले अगस्त्य तीर्थ हे तळे वेगळेच जग वाटेल. आमच्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभाच पुढे पट्टदकलच्या देवळांना लागून वाहते. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, त्यामुळे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचता येते. लेण्यांच्या आवारात पुरातत्त्व खात्याच्या नियमानुसार प्राणी नेता येत नाहीत. घरातल्या एकाने चिंगीजवळ बाहेर थांबावे आणि मग आळीपाळीने वर जावे. तिसऱ्या लेण्यातला चालुक्य राजा मंगलेशाचा 578 सालचा कोरीव लेख कोणी चुकवू नये, एवढा आमचा आग्रह. माकडे मात्र फार धीट आहेत. हातातला डबा तर पळवतातच, पण कुत्रा दिसला की कळपाने अंगावर येतात, त्यामुळे पायऱ्यांजवळ थांबू नका, गाडीपाशीच थांबा.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. डिसेंबरात दोन दिवस बदामी करावी आणि जैसलमेर मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या वेळा पाहून पुढच्या जानेवारीत आठ दिवसांची रजा काढून करावे, असे आज घरी ठरले. मुलगी थोडी रुसली आहे, पण चिंगीला पेटीत बसावे लागेल हे ऐकल्यावर तिनेच विषय मिटवला. शहापूरकर दादा, पांघरुणासाठी सासूबाईंनी जुन्या घोंगडीचा तुकडा काढून दिला आहे. तो पोटाखाली बांधायला नाडी मानेजवळ असावी की मागच्या पायांजवळ, तेवढे कृपया कळवा.