वावर गहाण टाकून यूकेला जायचं का? (जीएनएम, सहा वर्षं अनुभव)

वावरातली_सिस्टर

नमस्कार. लांबलचक लिहिते आहे, सांभाळून घ्या. नाइट आहे, रात्रीचा एक वाजलाय, वॉर्डात तीनच पेशंट आहेत आणि एकाची सलाईन संपायला अजून पाऊण तास आहे.

मी पांढरकवड्याकडची. जीएनएम (तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा), २०१९ ची पास. तेव्हापासून ग्रामीण रुग्णालयात एनएचएमवर, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात, कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घ्यायचा जीआर मार्च २०२४ मध्ये निघाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. माझी पाचसुद्धा भरली नव्हती. पेढा खाल्ला आणि ड्युटीवर गेले.

काम सगळं येतं. डिलिव्हरी, साप चावलेला, सिकलसेलचं पोरगं कळवळत आलेलं. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा माणूस स्ट्रेचरवरून उतरवायच्या आधीच वासावरून कळतो, डोळ्यांत बॅटरी मारायचं काम नंतरचं. ॲट्रोपिन, म्हणजे त्यावरचं औषध, भरायला हात आपोआप जातो.

आता मुद्दा. नागपूरची एक कन्सल्टन्सी यूकेला पाठवतो म्हणते. सहा लाख. दोन आधी, चार व्हिसा आल्यावर. आयईएलटीएस, ती इंग्रजीची परीक्षा, लागत नाही म्हणे. 'केअर व्हिसा'वर जा आणि तिथे पोचल्यावर नर्स व्हा. बाबांनी दोन एकर ओलिताचं वावर गहाण टाकायची बोलणीपण करून ठेवली. आई म्हणते, "पोरगी जातो म्हणते तं जाऊ द्या, पन वावर कायले डुबवता?" तीन दिवस झाले, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळं माझ्यामार्फत. "तुह्या बापाले सांग, भाकर टोपलीत हाय."

जीएनएमला तिकडे घेतात का? सहा लाख बरोबर आहेत का? आणि आमच्या एक सिनियर म्हणतात की तिथे पेशंटची आंघोळसुद्धा नर्सला घालावी लागते. खरं का?

दारव्हा_ते_यॉर्कशायर

ताई, आधी एक कर. त्या माणसाचा फोन उचलू नको.

परदेशातून नवीन केअर वर्कर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे, नर्स नव्हे) घेणं यूकेनं २२ जुलै २०२५ पासून बंद केलंय. म्हणजे तो तुला बंद दुकानातला माल विकतोय. आणि ते चालू होतं तेव्हाही केअरर म्हणून आलेल्या कितीतरी पोरी केअररच राहिल्या. बी.एस्सी. झालेल्या, आयसीयू केलेल्या. 'तिथे पोचल्यावर नर्स व्हा' हे वाक्य ऐकलं की मला अजून चीड येते, कारण माझी सख्खी मैत्रीण त्यात अडकली होती.

नर्सचा रस्ता वेगळा आहे आणि तो पांढरकवड्यातूनच सुरू होतो. मीही जीएनएमच, यवतमाळ जिल्ह्यातली. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला एनएमसी म्हणतात. त्यांना इंग्रजी हवं. आयईएलटीएस ॲकॅडमिक दिलंस तर ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५. एका फटक्यात जमलं नाही तर बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण जोडता येतात, फक्त कुठल्याही वेळी लिहिण्यात ६ च्या खाली आणि बाकीच्यांत ६.५ च्या खाली जायचं नाही. मी तसंच केलं. ओईटी नावाची दुसरी परीक्षा आहे, ती महाग, पण तीत रेफरल लेटर लिहायचं असतं, ते आपल्या रोजच्या कामातलं. निबंधापेक्षा मला ते बरं वाटलं असतं, उशिरा कळलं.

मग सीबीटी, कॉम्प्युटरवरची. ती भारतातच देता येते. त्यात डोसच्या हिशोबाचे १५ प्रश्न आणि नर्सिंगचे १००. हिशोबाला घाबरू नको, ड्रिपरेट काढून आपली हयात गेली. महाराष्ट्र कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, रिन्यूअल राहिलं असेल तर या आठवड्यात कर. कागद तिथेच अडकतात. माझ्या जन्मदाखल्यावर एक आडनाव आणि मार्कशीटवर दुसरंच, त्यात तीन महिने गेले.

इकडे आल्यावर ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. दहा स्टेशन. मी पहिल्यांदा नापास झाले, आणि कशात ते ऐक. श्वास मोजण्यात. खोट्या पेशंटजवळ उभी राहिले, छातीकडे एक नजर टाकली आणि लिहिलं १८. आपल्याकडे आयुष्यभर तेच केलं ना? १८ नाहीतर २०. परीक्षक काही बोलली नाही, फक्त तिच्या हातातलं घड्याळ बघत राहिली. इथे पूर्ण एक मिनिट मोजायचे, पेशंटला 'श्वास मोजतेय' असं न सांगता, नाडी धरल्यासारखं करून. नुसतं बसून मोजायचं. एवढं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला पास झाले. तेवढे आठवडे पगार मात्र खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या पगारश्रेणीचा.

आंघोळ. हो, घालावी लागते. हेल्थकेअर असिस्टंट असतात मदतीला, पण ते आपलं काम नाही असं इथे म्हणता येत नाही. आपल्याकडे पेशंटची बायको असते, मुलगा असतो, मावशी असतात. इथे पडदा ओढायचा, कोमट पाण्याची दोन भांडी, अंगावर टॉवेल, आणि जेवढं पुसायचं तेवढंच उघडायचं. पहिल्या सकाळी मला ऐंशी पार केलेले आजोबा मिळाले, जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलेले, छाती खोकल्यानं खिळखिळी. मी तोंड पुसायला गेले तर फडकं हातातून काढून घेतलं. तोंड मी पुसतो, म्हणाले, पाठ तू पूस. मी त्यांना सांगितलं, माझं आजोळ वणीकडे, तिथेही कोळसाच. त्यावर त्यांनी मला खाण किती खोल, उघडी की जमिनीखाली, हे सगळं विचारलं. मला काही माहीत नव्हतं. रात्री मामाला फोन करून विचारलं.

आणि सिकलसेल येतं म्हणतेस ते साधं समजू नको. इथे तो आजार मुख्यतः आफ्रिकन आणि कॅरिबियन घरांतल्या लोकांत. आमच्या वॉर्डात एक जण क्रायसिसमध्ये, म्हणजे त्या असह्य दुखण्याच्या झटक्यात, आला, गोऱ्या पोरी गोंधळल्या, मला ते कळवळणं ओळखीचं होतं. आल्यापासून अर्ध्या तासात वेदनाशामक द्यायचं अशी इथली गाइडलाइन आहे. आपल्याकडे ते पोरगं केसपेपर निघेपर्यंत बाकावर असतं.

पैशाचं: बँड ५, म्हणजे नव्या नर्सची श्रेणी, २०२५-२६ मध्ये सुरू व्हायचा ३१,०४९ पौंडांवर, वर्षाचे. टॅक्स, पेन्शन जाऊन महिन्याला हातात साधारण दोन हजार. त्यातून खोलीचं भाडं, हीटर, बस. लाखांत गुणाकार करून बाबांना सांगू नको, ते उगाच हुरळतील.

एक वाईट बातमी पण सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वीसारखी भरती आता नाही. जागा कमी, बँड ५ च्या जाहिराती झटकन बंद होतात. परीक्षा देऊन ठेव, पण नोकरी सोडून बसू नको.

गावकरी_७१

सगळ्या सिस्टर इंग्लंडला गेल्या तर आमच्या गावातल्या बाळंतिणीनं कुठं जायचं? शिक्षण इथल्या पैशावर आणि सेवा गोऱ्यांची. छान.

वावरातली_सिस्टर

काका, माझं जीएनएम खासगी कॉलेजातलं, बाबांनी दोन सालांची कपाशी विकून फी भरली. आणि मागच्या महिन्याचा पगार अजून आला नाही. तरी आज रात्री एक बाळंतीण आहे, तिच्याजवळ मीच आहे. सकाळी बोलू.

निवृत्त_मेट्रन

बेटा, मी सौदीत अकरा वर्षं काढून आता वर्ध्यात असते. एजंट बरेच पाहिले.

आपल्या सरकारचा नियम असा की परदेशी नोकरी लावून देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला पाहिजे, आणि त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघ, यादीत आहे की नाही ते दिसतं. सहा लाख कुठून आले? आणि यूकेच्या सरकारी दवाखान्यांसाठी भरती करणाऱ्या एजन्सीनं तर नर्सकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, तो खर्च मालकाचा. त्यांची स्वतःची आचारसंहिता आहे तशी.

आखाती देशांत जायचं मनात असेल तर तिथे २०१५ पासून नर्सची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच. कोणी टुरिस्ट व्हिसावर चल म्हटलं तर जाऊ नको.

ऑफर लेटर आलं की शेवटची पानं वाच. दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर खर्च परत, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. आकडा किती आणि दर महिन्याला कमी होतो का, ते बघून सही कर. ओरिजिनल मार्कशीट कोणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवायच्या नाहीत. माझ्या एका जुन्या दवाखान्यानं वर्षभर दाबून ठेवल्या होत्या, शेवटी मी त्यांच्या रिसेप्शनवर डबा उघडून जेवायला बसले, संध्याकाळी दिल्या.

आईचं ऐक. वावर राहू दे.

सेवाग्राम_ब्रदर

जर्मनीचा विचार केला का? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राचा बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार झाला, तेव्हापासून आमच्याकडे जो तो जर्मन शिकतोय. मीपण. तिथे नर्सिंग म्हणजे मूळचं तीन वर्षांचं शिक्षण, त्यामुळे जीएनएमकडे कमीपणानं बघत नाहीत. पण पूर्ण नर्स व्हायला बी२ पातळीपर्यंत भाषा (बी१ ही तिच्या खालची) आणि आपल्या डिप्लोमाची मान्यता, तोवर हेल्परचं काम. कमी पडलेल्या विषयांची परीक्षा किंवा तिथेच काही महिने ट्रेनिंग. मला बी१ ला वर्ष लागलं. टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी अशी भाषा आहे ती. आंघोळ तिथेही आहेच.

वावरातली_सिस्टर

सगळ्यांना एकत्रच लिहिते, चार दिवस जमलं नाही.

मेट्रन मॅडम, पोर्टलवर नाव टाकलं. यादीत नाही. फोन करून लायसन्स नंबर विचारला तर म्हणाले, मॅडम तुम्ही फार शंका घेता, तुमच्या जागी दुसरी तयार आहे. बाबा बाजूलाच बसले होते, स्पीकर चालू होता. काही बोलले नाहीत, उठून बैलाला पाणी पाजायला गेले. रात्री जेवताना आईला थेट म्हणाले, "मीठ दे." माझ्यामार्फत नाही.

दारव्हाताई, परवाच्या नाइटला एक आजी होत्या, खोकला-तापाच्या. संध्याकाळच्या पाळीनं श्वास २० लिहिलेले. मी हात धरून घड्याळासमोर पूर्ण मिनिट बसले. ३२. वाटलं चुकलं, पुन्हा मोजले. ३२. डॉक्टरांना उठवलं, ऑक्सिजन लावला, पहाटे १०८ नं यवतमाळला पाठवलं. आज आजींच्या नातवाचा फोन होता, जेवल्या म्हणे.

ओईटीचं रेफरल लेटर लिहून पाहिलं, दीड तास लागला. परीक्षेत किती वेळ मिळतो? आणि तपासून देणारं कोणी आहे का इथे, नागपूरला क्लासला जायचं म्हणजे एक अख्खी सुट्टी जाते.

दारव्हा_ते_यॉर्कशायर

पाच मिनिटं वाचायला, चाळीस लिहायला. फोटो काढून पाठव, रविवारी माझा ऑफ आहे. पहिल्या परिच्छेदात पेशंटची सगळी जन्मकुंडली लिहू नको, कशासाठी पाठवतेस ते आधी लिही.