ताडोब्यात वाघाखेरीज काय मिळालं?

ताडोब्याहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, "दिसला का?" या धाग्यात तो प्रश्न बाद. १९५५ साली जाहीर झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. तिथून परतल्यावर तुमच्या वागण्याबोलण्यात काही फरक पडला असेल, तर तेवढंच लिहा. फोटो नकोत.

*

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसलो होतो. दुपारी चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. सोबत एक वनरक्षक आणि हातात तक्ता: वेळ, प्राणी, नर-मादी, पिल्लं. सुरुवातीला पान हललं तरी मी पेन्सिल उचलायचो. रात्री अस्वल दिसायच्या आधी ऐकू आलं. वारूळ उकरून वाळवी ओढताना ते बिघडलेल्या पंपासारखं सूं सूं करतं. "वरचे पुढचे दोन दात नसतात त्याला, त्या फटीतून ओढतंय," वनरक्षक कुजबुजले. सकाळी तक्त्यात चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल. वाघाचा रकाना कोरा. मी तो कागद घुटमळतच पुढे केला, तर म्हणाले, "राहू द्या ना कोरा. नाही आला, हीसुद्धा नोंदच आहे."

मी अहवाल लिहिण्याच्या नोकरीत आहे. आमच्याकडे रिकामा रकाना कुणाला बघवत नाही, काहीतरी भरलंच जातं. मी आता भरत नाही. बोलणी खातो त्यावरून, पण भरत नाही.

*

गाभा क्षेत्रात मोबाइल चालत नाही, गेटवरच ठेवायला लावतात. तासाभरानं नवऱ्यानं मला एका पक्ष्याचं नाव विचारलं. मला येत नव्हतं. तरी त्यावर आम्ही कितीतरी वेळ बोललो.

*

रानकुत्र्यांनी चितळ पाडलं होतं. मोठी कुत्री बाजूला सरली आणि आधी पिल्लं खायला लागली. आमच्याकडे आधी पुरुष, मग मुलं, उरलंसुरलं सासूबाई आणि मी. मोठे पुरुष आधी, हा काही सृष्टीचा नियम नव्हे, एवढं कळलं. घरी आल्यावर पहिल्याच पंगतीत माझंही ताट घेतलं. सासूबाई बघत राहिल्या. मग एक दिवस त्याही बसल्या.

*

नवेगावच्या गवताळ मैदानात चितळं चरत होती. गाडीतलं कुणीतरी म्हणालं, "काय छान, माणसाचा मागमूस नाही!" गाइड म्हणाला, "इथं गाव होतं. माझ्या मामाचं घर त्या बाजूला." रागानं नाही, नुसतंच सांगितलं. आता ते सगळं गाव बाहेर वसवलंय. जंगलासाठी जागा मोकळी व्हायलाच हवी, असं मी आजही म्हणतो. फक्त घर माझं गेलेलं नाही, हे आता लक्षात असतं, आणि वादात माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

*

वानर खेकसलं की गाइड कान टवकारतो, पण सांबरानं कॉल, म्हणजे धोक्याची हाक, दिला की सरळ गाडीच वळवतो. चितळं, वानरं बारीकसारीक कारणानंही ओरडतात. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, असं त्याचं म्हणणं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीही आता एक सांबर धरून ठेवलंय. आत्या. ती महिनोन्‌महिने गप्प असते; तिचा मेसेज आला की मात्र मी हातातलं काम टाकून वाचतो.