किडनीतल्या चरबीच्या गाठीला डी १७.७ की डी १७.७१?

चिकोडी_एमआरडी:
डिस्चार्ज समरीत 'राइट एएमएल, ४.५ सेंमी' एवढंच लिहिलंय. आमच्या रेकॉर्ड रूममधल्या आजारांच्या कोडच्या पुस्तकात डी १७.७ च्या पुढे काही नाही, बेळगावच्या कोडिंग क्लासमध्ये मात्र डी १७.७१ शिकवतात. नेमकं काय लावायचं सांगा की. हर्नियाच्या फाइलमध्ये 'कॉर्ड लायपोमा' (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीतली चरबीची गाठ) असला तर तोही इथेच येतो का?

टिळकवाडी_कोडर:
दोन्ही बरोबर, पुस्तकं वेगळी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या कोडची यादी) डी १७.७ म्हणजे 'इतर जागा', तिथे पाचवा अंक नाही. इथल्या एमआरडीला (मेडिकल रेकॉर्ड विभागाला) तोच. अमेरिकन विमा क्लेमला त्याची तिकडची आवृत्ती, आयसीडी-१०-सीएम: किडनी डी १७.७१, मूत्राशयासारखे इतर जनन-मूत्र अवयव डी १७.७२, रेट्रोपेरिटोनियम (पोटाच्या पडद्यामागची जागा) डी १७.७९. म्हणून गाठ किडनीतून निघाली की किडनीमागच्या चरबीतून, हे रिपोर्टात स्पष्ट पाहिजे.

त्याआधी एक काम करा. 'एएमएल' हा शब्द डॉक्टरांकडून पूर्ण लिहून घ्या: अँजिओमायोलायपोमा, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबीची साधी गाठ. नुसत्या तीन अक्षरांवरून घाईत सी ९२.० पडतो, म्हणजे रक्ताचा कर्करोग, कारण त्यालाही एएमएलच म्हणतात! पेशंटच्या नावावर तो कायमचा राहतो.

खानापूर_ओटी:
स्पर्मॅटिक कॉर्डचा लायपोमा दोन्ही पुस्तकांत डी १७.६. पण हर्नियात सापडणारी चरबी पुष्कळदा खरी गाठ नसते, पेरिटोनियमबाहेरची (पोटाच्या आतल्या पडद्याबाहेरची) चरबी इंग्वायनल कॅनॉलमधून (जांघेतल्या मार्गातून) खाली सरकलेली असते. सर्जननं लायपोमा असं निदान लिहिलं नसेल तर फक्त हर्निया, के ४०. अमेरिकन बिलात त्याच बाजूच्या ४९५०५ (हर्निया दुरुस्तीचा ऑपरेशन-कोड) सोबत ५५५२० (कॉर्डमधली गाठ काढण्याचा) वेगळा लावू नका. तो 'सेपरेट प्रोसिजर' आहे, हर्नियाच्या ऑपरेशनमध्येच धरला जातो.

निपाणी_ऑडिट:
सीएमचा ओपीडी क्लेम असेल तर 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड' किंवा 'कन्सिस्टंट विथ' लिहिलेलं निदान कोड होत नाही. नुसता 'रीनल मास' (किडनीतली गाठ) असेल तर एन २८.८९. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला मात्र संशयित निदान खरं धरून कोड होतं, पण ते उपचार करणाऱ्या डॉक्टरनं लिहिलेलं हवं. पॅथॉलॉजी रिपोर्ट आला तरी डॉक्टरला क्वेरी (लेखी विचारणा) टाकाच. चरबी कमी असलेली गाठ सीटीवर कर्करोगासारखी दिसते, म्हणून 'फॅट दिसली' असं रिपोर्टात आहे का तेही बघा. रिपोर्टात 'एपिथेलिऑइड' (या गाठीचा एक वेगळा प्रकार) शब्द असला तर साधा डी १७ लावू नका, त्याची वागणूक वेगळी धरतात, पॅथॉलॉजिस्टला विचारा. गाठी अनेक किंवा दोन्हीकडे असल्या तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराबद्दल विचारा. डॉक्टरनं लिहिलं तरच क्यू ८५.१ जोडायचा.

टिळकवाडी_कोडर:
बाजूचंही बघा. डी १७.७१ मध्ये उजवी-डावी नाही, ती समरीतच राहते. आपल्याकडे संमतीपत्र कन्नडमध्ये, पेशंट मराठीत बोलणारा, समरी इंग्रजीत. 'बल' म्हणजे उजवी, 'एड' म्हणजे डावी. संमतीपत्र, सीटी आणि ओटी नोट, तिन्हीत एकच बाजू जुळली की मगच फाइल बंद करा.