अनुभव धागा : पडद्यावरचा 'तसला' आणि आपलं घर

हिंदी-मराठी पडद्यावर गे पुरुष आला की बहुतेकदा हशा पिकवायलाच येतो. मनगट लुळं, गळ्यात रंगीत स्कार्फ, धंदा फॅशनचा आणि डोळा हीरोवर. १९९१ च्या 'मस्त कलंदर'मधला अनुपम खेर यांचा पिंकू घ्या, नाहीतर २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधला कोचवर भाळलेला ऋषी कपूर यांचा डीन घ्या. मधल्या वीसेक वर्षांत कपड्यांचा दर्जा तेवढा सुधारला.

समीक्षा नको, ती पुष्कळ झाली आहे. ते पात्र टीव्ही बंद केल्यावर तुमच्या घरात, वर्गात, हापिसात काय काय करत राहिलं ते लिहा. गे असाल तर लिहाच, नसाल तरी लिहा. फक्त दुसऱ्याचं गुपित आपल्या अनुभवात फोडू नका.

सुरुवात मी करतो. 'कल हो ना हो' २००३ चा. त्यातली घरकामवाली कांताबेन आठवत असेलच. शाहरुख आणि सैफ जवळजवळ दिसले की बाई हादरते, आणि थिएटर कोसळतं. मी आणि माझा जोडीदार कोथरूडला एकत्र राहायला लागलो तेव्हा मित्रांनी आमच्या कामवाल्या मावशींचं नाव लगेच कांताबेन ठेवलं. आम्हीही धास्तावलेले. दुसऱ्या खोलीत दिखाव्याला एक पलंग मांडून ठेवला होता. त्यावरची चादर दर रविवारी काढायची, नवी घालायची. एका रविवारी मावशी ती बादलीत घालता घालता म्हणाल्या, "ही कशाला धुवायला काढता ओ? कोण झोपतंय तिथं? पाणी काय फुकट येतं का?" आणि पुढे भांड्यांकडे वळल्या. कांताबेनचं पात्र लिहिणाऱ्यांनी एखाद्या घरकामवालीशी दोन मिनिटं बोलायला हवं होतं.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षक

आमच्याकडं अशा पोराला 'गणपत पाटील' म्हणायचे. तरुण वाचकांसाठी सांगतो, तमाशापटांच्या जमान्यात गणपत पाटील हे नाच्याच्या भूमिकेचे बादशहा. कमरेवर हात, मान वाकडी, आणि तो 'आत्ता गं बया'. माणूस कोल्हापूरचाच, बायकापोरांत रमणारा संसारी गृहस्थ. पण भूमिका इतकी चोख केली की लोकांनी तीच खरी धरली. त्याचा ताप त्यांच्या घरच्यांनाही झाला, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. 'रंग नटेश्वराचे' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर वाचा.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, आवाज बारीक, अक्षर मोत्यासारखं. गॅदरिंगला वग बसवायचा ठरला की नाच्या कोण हे विचारायचीसुद्धा गरज पडायची नाही. तोही करायचा, आणि फार सुंदर करायचा. पण पडदा पडला तरी भूमिका संपायची नाही. मधल्या सुट्टीत, एसटी स्टँडवर, तालमीच्या कट्ट्यावर तो गणपत पाटीलच. दहावीला नव्या बाई हजेरी घ्यायला आल्या आणि त्यांनी त्याचं खरं नाव पुकारलं, तर मागच्या बाकावरची पोरं इकडंतिकडं बघायला लागली, हा कोण म्हणून.

तो गे होता का, मला माहीत नाही. विचारायची पद्धत नव्हती. पुढं तो मुंबईला गेला एवढंच कळलं.

अनामिक, सोलापूर

माझा प्रश्न उलटा. मी कबड्डी खेळलेला, मिशीवाला, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. दादाला सांगितलं तर तो आधी हसला. "तू? गप रे. तू कुठं तसा दिसतोस?" मी म्हटलं, तसा म्हणजे कसा? तर त्यानं उठून चालून दाखवलं! चाल थेट कुठल्या तरी कॉमेडी शोमधली. आमच्या घरात त्या माहितीचा दुसरा स्रोतच नव्हता.

आईनं ऐकलं आणि ताईचं नेलपॉलिश, लिपस्टिक कपाटात कुलपात ठेवायला लागली. पुढं काय होणार हे तिला टीव्हीवरून पाठ होतं. मी साडी कधी नेसणार याची घरातले वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. काहीच झालं नाही, तशी आई गोंधळली. शेवटी म्हणाली, "मग तुझ्यात बदललंय काय?" काहीच नाही गं, तेच तर सांगतोय केव्हापासून.

लावणी शिकवतो, विदर्भ

वरच्या सोलापूरकरांना नमस्कार. पण 'आम्ही तसे नसतो हो' हे ऐकून माझा जीव जळतो, कारण मी तसाच आहे. माझं मनगट असंच हलतं, मी बोलताना 'अगं बाई' म्हणतो, काजळ घालतो. मिशीवाल्यांना साच्यात बसत नाही म्हणून कुणी खरं मानत नाही, आणि आम्ही साच्यात बसतो म्हणून आम्हाला कुणी माणूस मानत नाही. ह्यात जास्त मार कोण खातो ते विचारा एकदा.

बायकी पुरुष दाखवला म्हणून माझी तक्रार नाही. दाखवा की! 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण लुगडं नेसून नाचायचे, 'अशी ही बनवाबनवी'त सचिन आणि लक्ष्या साडीत, मी पोट धरून हसलोय. तिथं हसू त्यांच्या फजितीचं आहे, आता पकडले जातात की मग. बालगंधर्वांच्या साड्यांची तर घरंदाज बायका नक्कल करायच्या. आम्हाला बायकी पुरुष नवा नाही हो. पण आजच्या स्किटमधला तो येतो, कुणाच्या तरी अंगचटीला जातो, हशा होतो, ढकलून दिला जातो. तो राहतो कुठं? भाडं कोण देतं? आजारी पडला तर डबा कोण आणतं? 'नटरंग'मधल्या गुणाचं पुढं काय झालं ते दाखवलं होतं. पैलवान गडी फडासाठी नाच्या होतो, आणि मग गाव, सासरा, पोटचा पोरगा सगळे कसे फिरतात. ते बघताना थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतला माणूस आधी शिट्ट्या मारत होता, नंतर गप्प झाला.

टीव्हीवर स्किट लिहायचो

आतली गोष्ट सांगतो, कार्यक्रमाचं नाव सांगणार नाही. दर आठवड्याला एपिसोड उभे करायचे असतात. रीडिंगला बसलो आणि मधल्या दोन पानांत पंच पडत नसेल तर कुणीतरी म्हणतंच, "त्या शेजाऱ्याला जरा तसा करून टाक." एका वाक्यात काम भागतं. नवा संवाद लिहावा लागत नाही, कपडेपटात झुळझुळीत कुर्ता असतोच, संगीतवाल्याकडे त्या एन्ट्रीची धून तयार असते. नट आला की तोंड उघडण्याआधी टाळी. इतका स्वस्त हशा दुसरा नाही. नवराबायकोच्या भांडणालासुद्धा आधी दोन ओळी बांधाव्या लागतात.

द्वेष वगैरे मनात आणून कुणी लिहीत नाही. उशीर झालेला असतो, चहा गार झालेला असतो, आणि सकाळी शूट असतं.

ठाण्याहून एक वाचक

सगळं मनावर घ्यायचं तर विनोद करायचा कुणावर? पुणेकरांवर होतो, कोकण्यांवर होतो, सासवांवर होतो. कुणी धागे काढत नाही.

धागाकर्ता

काढा की धागा, मी वाचेन. फक्त एवढंच, आपण पुणेकर आहोत हे आईला सांगताना पुणेकराला घाम फुटत नाही.

लंडन, मूळची डोंबिवलीची

इथे 'लिटल ब्रिटन' या विनोदी टीव्ही मालिकेत डॅफिड नावाचं पात्र होतं, चकचकीत रबरी कपडे घालून 'गावात मी एकटाच गे' म्हणून मिरवणारं. गंमत अशी की गावात गे पुष्कळ असतात, कुणाला त्याचं काही नसतं, आणि याला नेमका त्याचाच राग. करणारा मॅट लुकस स्वतः गे. आमच्या मराठी कंपूला मात्र हसू यायचं ते कपड्यांचं. खरा विनोद नवऱ्याला समजावून सांगितला तर म्हणाला, "असं होय? मग त्यात हसण्यासारखं काय आहे?"

नागपूर, ग्रंथपाल

विनोदी नसलेल्या सिनेमाबद्दल लिहिते. २०१६ मध्ये 'अलीगढ' आला. त्यातले प्रा. रामचंद्र सिरस काल्पनिक नाहीत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक, 'पायाखालची हिरवळ' लिहिणारे कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, चित्रीकरण केलं, आणि विद्यापीठाने निलंबित कुणाला केलं, तर त्यांना. एप्रिलमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि आठवडाभरात ते घरी मृत सापडले.

मी तो बाबांबरोबर पाहिला. बाबा कॉलेजात मराठीच शिकवायचे. सिरसांच्या भूमिकेतला मनोज बाजपेयी एकटा बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, हातात ग्लास, डोळे मिटलेले, बराच वेळ. बाबा कुजबुजले, "अगं, हा आपल्या स्टाफरूममधलाच वाटतो." घरी आल्यावर त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला, जे एकटेच राहतात आणि ज्यांच्याबद्दल स्टाफरूममध्ये पूर्वी काय बोललं जायचं ते मला नंतर कळलं. काय बोलले माहीत नाही. पण दिवाळीचा फराळ आता तिकडे जातो.

जाता जाता, या सिनेमाच्या ट्रेलरला सेन्सॉरने 'ए' प्रमाणपत्र दिलं होतं. अंगचटीला जाणारे विनोद मात्र रविवारी दुपारी, जेवणाच्या ताटावर.

एक आई, डोंबिवली

माझा लेक गे आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. आता सिनेमे बरे येऊ लागलेत असं वाटत होतं. 'बधाई दो' आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, नणंदबाईही होत्या. राजकुमार रावचं पात्र पोलीस, ना स्कार्फ ना काही. तो आणि एक लेस्बियन मुलगी घरच्यांची कटकट टाळायला लग्न करतात. पुढे त्या लग्नाचे किती धिंडवडे निघतात हा सगळा सिनेमा. पण वन्संनी त्यातला पहिला अर्धा तासच उचलला. दुसऱ्या दिवशी फोन, "वहिनी, मार्ग सापडला! अशीच एखादी मुलगी बघू, दोघांचंही झाकून जाईल." एवढ्यावर थांबल्या नाहीत. मंडळाच्या ग्रुपवर चौकशा सुरू केल्या, नाव न घेता म्हणे, पण डोंबिवलीत नाव घ्यावं लागतं का?

लेकाला सांगितलं. त्याने शांतपणे भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाला, "आत्याला म्हणावं, मुलगी राहू दे, सिनेमातला तो पोलीस मिळत असेल तर बघ."